सदतिसावा निबंध

विदर्भ विकरशास्त्र संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, डॉ. विशाखा मेश्राम यांच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर त्यांचं एकतीस वर्षांचं काम चार ओळींत मांडून ठेवलं होतं. शोधनिबंध चौसष्ट. संदर्भसंख्या, म्हणजे इतर शास्त्रज्ञांनी आपल्या लिखाणात या निबंधांचा उल्लेख किती वेळा केला तो आकडा, दोनशे बारा. त्यातले एकोणचाळीस उल्लेख विशाखाबाईंनी स्वतःच केलेले. चौथी ओळ लाल अक्षरांत होती. शिफारस : प्रयोगशाळा बंद करावी.

संस्थेचे संचालक डॉ. बलवंत काळमेघ यांची संदर्भसंख्या एक्केचाळीस हजार होती. हा आकडा त्यांच्या पत्रांवर आणि दारावरच्या पाटीवर असे, आणि बहुधा घरच्या लग्नपत्रिकांवरही छापला गेला असावा. त्यांच्याशेजारी दोनशे बारा म्हणजे अगदीच केविलवाणं दिसत होतं.

सन २०६८ चा मे महिना होता. नागपुरात पारा सत्तेचाळीसला टेकला होता, आणि अशा उन्हात पुण्याहून डॉ. यशोधन पाटणकर आले होते. ते शास्त्राच्या इतिहासाचे गणिती. संदर्भसंख्येवर आता कोणाचाच विश्वास उरला नव्हता. तू माझं नाव घे, मी तुझं घेतो, अशा साटंलोट्याने ती फुगवायला सगळेच शिकले होते. म्हणून राष्ट्रीय समितीने बंद करायच्या प्रयोगशाळांची एकदा नव्या रीतीने तपासणी करायचं ठरवलं होतं. ती नवी रीत पाटणकरांची होती.

"मॅडम, तुमच्या निबंधांची शीर्षकं वाचली," पाटणकर म्हणाले. "चौसष्टपैकी एकसष्ट शीर्षकांच्या शेवटी 'नाही' आहे. अमक्या जिवाणूचं विकर तमका रेणू तोडत नाही."

"नाहीच तोडत, तर काय लिहू?" विशाखाबाई म्हणाल्या. "विकर म्हणजे जिवंत पेशीतला कामगार. दुसऱ्या रेणूंची तोडजोड करणारा. दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, या विकराने प्लास्टिक विरघळतं, त्या विकराने कीटकनाशक नष्ट होतं. मी करून बघते. बहुतेक वेळा काही होत नाही. मग तसं लिहून टाकते."

"आणि ते वाचून लोक काय करतात?"

"काही करत नाहीत."

"तिथेच तर घोळ आहे. काही न करणाऱ्याला निबंध लिहावा लागत नाही. मग तुमचा उल्लेख करायचा कुठे?"

विशाखाबाईंनी चष्मा काढला. एकतीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. संस्थेत त्यांच्यामागे त्यांना 'नकारबाई' म्हणत, तेही त्यांना ठाऊक होतं.

"माझ्या यंत्राला आम्ही अभावगणक म्हणतो," पाटणकर सांगू लागले. "गेल्या तीस वर्षांतल्या प्रयोगवह्या, यंत्रांच्या नोंदी, शास्त्रज्ञांची आपसातली पत्रं, अगदी काचसामान धुतल्याच्या तारखासुद्धा संगणकावर आहेत. गणक त्यातून एक निबंध काढून टाकतो. फक्त निबंध. माणसं, उपकरणं, सवयी, सुट्ट्या, सगळं जसंच्या तसं. मग त्या दिवसापासून शास्त्राचा इतिहास पुन्हा चालवतो, लाखभर वेळा. तो निबंध नसता तर कुठे काय अडलं असतं, ते दिसतं. त्या आकड्याला अभावांक म्हणायचं."

"म्हणजे बाई चार दिवस माहेरी गेली की घरात काय काय अडतं, त्यावरून तिचं काम मोजायचं."

"साधारण तसंच."

"काळमेघ सरांचं ते गाजलेलं संशोधन काढून पाहिलंत?"

"ते सांगायची परवानगी नाही." पाटणकर थोडे घुटमळले. सांगायची इच्छा अनावर झालेली दिसत होती. "एकोणीस दिवस."

"म्हणजे?"

"एकोणीस दिवसांनी तेच सगळं कोरियातून प्रसिद्ध झालं असतं."

मोरीपाशी काचेची भांडी धूत असलेले ठवकर एवढ्या जोराने हसले की त्यांच्या हातातला चंबू निसटता निसटता राहिला. ठवकर हे प्रयोगशाळेचे सहायक, अठ्ठावीस वर्षांपासून विशाखाबाईंबरोबर. त्यांच्या हातचं काचसामान साऱ्या संस्थेत नावाजलेलं होतं. नळाच्या पाण्यात लोखंड, तांबं, असे धातू अंशरूपाने असतात आणि ते प्रयोग बिघडवतात, म्हणून या प्रयोगशाळेत प्रत्येक भांडं तीनदा धातुबंधकाने विसळायचं. धातुबंधक म्हणजे धातूचा कण न् कण पकडून ठेवणारं द्रावण. शेवटचा हात फिरवल्यावर त्याचा किंचित अंश भांड्यात मुद्दाम राहू द्यायचा, ही विशाखाबाईंच्या गुरूंची शिस्त. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याचे हात आधी स्वच्छ हवेत, असं विशाखाबाई म्हणत.

दोन दिवसांनी पाटणकर पुन्हा आले तेव्हा त्यांना बसवत नव्हतं.

"चारशे बारा प्रयोगवर्षं!" ते दारातूनच म्हणाले. "एका माणसाने वर्षभर राबून करायचं काम म्हणजे एक प्रयोगवर्ष. तुमचे निबंध नसते तर जगातली माणसं मिळून चारशे बारा वर्षं नसत्या वाटांनी भटकली असती. ब्राझीलमधल्या एका प्रयोगशाळेतलं पत्र सापडलं. एकच ओळ आहे. मेश्राम यांनी नाही म्हटलंय, सोडून द्या. अशी शेकडो पत्रं आहेत, मॅडम. या संस्थेत तुमच्या जवळपासही कोणी नाही."

विशाखाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आपण केलं ते कोणाच्या तरी उपयोगी पडलं, एवढंच त्यांना हवं होतं. ठवकर खाली जाऊन तर्री-पोहे घेऊन आले. तिघांनी प्रयोगाच्या टेबलापासून लांब, खिडकीपाशी उभं राहून ते खाल्ले.

"म्हणजे लॅब राहते न, साहेब?" ठवकरांनी विचारलं.

"राहते. प्रत्येक निबंधाचा हिशेब वेगळा तपासून झाला की अहवाल जाईल."

तो वेगळा हिशेब घेऊन पाटणकर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. आज ते खुर्ची ओढून बसले.

"सदतिसावा निबंध," ते म्हणाले. "त्याचा अभावांक उणे आहे. तो नसता तर शास्त्र पुढे गेलं असतं."

सदतिसावा निबंध मार्च २०५७ मधला. त्याचा विषय लाखोळी. या डाळीच्या दाण्यात एक विष असतं. अधूनमधून खाल्ली तर बाधत नाही, पण महिनोन्महिने तीच खावी लागली तर माणसाचे पाय आखडतात, ते कायमचे. पूर्व विदर्भातला धान वाढत्या उन्हाने वर्षामागून वर्ष बुडत गेला, पण पाण्यावाचून तग धरणारी लाखोळी तेवढी उरली. खेड्यापाड्यांत लोक दोन्ही वेळा तीच खाऊ लागले होते. पवनीकडच्या एका शेतातल्या मातीत विशाखाबाईंना एक जिवाणू सापडला होता. त्याचं विकर हे विष तोडेल अशी आशा होती. त्यांनी अकरा वेळा प्रयोग केला आणि लिहिलं, तोडत नाही.

"तोडतं," पाटणकर म्हणाले. "विकराची रचना आता गणिताने काढता येते. त्यात मँगनीज या धातूचा एक अणू बसायची जागा आहे. तो अणू असेल तर विकर काम करतं. नसेल तर मेल्यागत पडून राहतं."

विशाखाबाईंनी मोरीकडे पाहिलं. ठवकरांनीही त्याच वेळी पाहिलं. धातुबंधकाने मँगनीजही सोडलं नसणार, हे समजायला दोघांनाही गणक लागत नव्हता. गलथानपणे भांडी धुणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत हे विकर पहिल्याच दिवशी चाललं असतं.

"ठवकरभाऊ, एक चंबू नळाच्या पाण्याने धुवा. नुसत्या पाण्याने."

ठवकरांनी तो धुतला. शीतकपाटातून जुना जिवाणू काढून वाढवायला, त्यातून विकर वेगळं करायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लाखोळीच्या अर्कात ते मिसळलं, चिमूटभर मँगनीज घातलं, आणि विषाचं प्रमाण दाखवणारी रेघ पंचवीस मिनिटांत तळाला गेली. डाळ भिजवायच्या पाण्यात याची भुकटी टाकली, की झालं. कुठल्याही चुलीपाशी जमलं असतं.

"भांडे तं मीच धुतले न, मॅडम," ठवकर म्हणाले.

"माझ्या सांगण्यावरून धुतलेत."

"भाऊ माझा चौसष्ट साली बसला." ठवकरांचे थोरले भाऊ पवनीजवळच्या गावात दोन काठ्यांवर चालत. विशाखाबाई त्यांना भेटल्या होत्या. "हे आधीच निघालं असतं तं..." ते कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

विशाखाबाईंनी आरोग्य खात्याचे आकडे काढले. चार जिल्हे, आठ वर्षं, पाय गेलेली माणसं नऊ हजार तीनशे. त्या लिहायला बसल्या.

"काय लिहिताय?" पाटणकरांनी विचारलं.

"चूकदुरुस्ती. सदतिसावा निबंध मागे घेतेय."

पाटणकरांनी खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली. "मॅडम, माझं ऐका. समिती फक्त बेरीज बघते. हा एक उणे आकडा बेरजेत दिसतही नाही. विकर चालतं, हे लोकांना कळायलाच हवं, मान्य. पण ते नवा शोध म्हणून लिहा. नवी पद्धत, मँगनीजसह. जुन्या निबंधाचं नावच काढू नका. भुकटी तेवढ्याच लवकर तयार होईल."

"आणि दुरुस्ती म्हणून लिहिलं तर?"

"तर तुम्हीच विचार करा. चारशे बारा वर्षं वाचली ती कशाने? तुमच्या निबंधांत काही जादू नाही. लोक थांबले, कारण मेश्रामांचं 'नाही' कधी चुकत नाही असं ते धरून चालले. एकदा चुकलं म्हटलंत, आणि तेही धुण्याच्या पद्धतीमुळे, की उरलेल्या प्रत्येक निबंधावर प्रश्न उभा राहणार. तीच भांडी, तेच धातुबंधक. लोक सगळं पुन्हा करून बघतील. वाचलेली वर्षं खर्ची पडतील आणि तुमचा अभावांक शून्यावर येईल. मला अहवालात तोच लिहावा लागेल."

"आणि लॅब बंद."

"हो."

विशाखाबाई खिडकीपाशी गेल्या. खाली आवारातला गुलमोहर भर उन्हात फुलून उभा होता. प्रयोगशाळा गेली तर त्या काय करणार होत्या, हे त्यांनाही माहीत नव्हतं. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. एकतीस वर्षं त्या इथेच राहिल्या होत्या म्हटलं तरी चालेल. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटते याची लाजही वाटली.

"लोकांनी सगळं पुन्हा करून बघायलाच हवं," त्या शेवटी म्हणाल्या. "धातू लागणारी आणखी विकरं त्यांत असतील तर? आणखी किती वाटा मी बुजवल्यात, मला काय ठाऊक? माझ्या शब्दावर लोक थांबतात, म्हणून तर चुकला तेव्हा सांगायला हवं." त्या परत टेबलाशी आल्या. "मला एक नाव हवंय."

"कोणाचं?"

"त्या दुसऱ्या इतिहासात, माझा निबंध नसताना, हे विकर चालतं असं कोणी सिद्ध केलं? ज्याचा शोध मी हिरावला त्याची माफी मागायचीय. दुरुस्तीत त्याचं नाव पहिलं घालणार आहे."

"नावं बंद असतात. आपण न लावलेल्या शोधाचं श्रेय मागायला माणसं कोर्टात जातील. अहवालात नुसतं 'संशोधक क' असतं."

"मला अंदाज आहे. अदिस अबाबाच्या डॉ. त्सेहाय. त्यांच्याकडेही ही डाळ खातात, त्यांच्याकडेही पाय जातात. अठ्ठावन्न साली त्यांनी मला पत्र लिहून जिवाणूची कुपी मागितली होती. मी उत्तर पाठवलं, वेळ घालवू नका. फार प्रेमाने लिहिलं होतं हो मी. त्याच ना?"

पाटणकरांनी आपला संकेतशब्द टाकला, नावावरचं झाकण काढलं आणि पडदा विशाखाबाईंकडे वळवला.

संशोधक क : विशाखा मेश्राम. एप्रिल २०५८.

"हे चुकलंय," विशाखाबाई म्हणाल्या. "हे निबंध लिहिणाऱ्याचं नाव आलंय."

"चुकलेलं नाही. गणक निबंध काढतो, मॅडम. माणसाला हात लावत नाही. तुम्ही तिथेच होतात." पाटणकरांनी नोंदी एकेक करून उघडल्या. "ही तुमची प्रयोगवही, सव्वीस मार्च सत्तावन्न. तुमचंच अक्षर आहे. 'निष्कर्ष पक्का वाटत नाही. पुढच्या हंगामातल्या ताज्या दाण्यांवर पुन्हा करणे.' आणि एकोणतीस मार्चला निबंध रवाना झाला."

तो आठवडा विशाखाबाईंना लख्ख आठवला. वर्षाला तीन निबंध, एकतीस मार्चच्या आत, असा नियम तेव्हा नुकताच आला होता. त्यांच्या हातात दोन होते. अकरा प्रयोग झालेलेच होते. तीन दिवसांत लिहून काढला. निबंध छापून आला, विषय संपला. पुढच्या हंगामाचे दाणे आणायला कोणी गेलंच नाही.

"तो निबंध नसता तर विषय उघडा राहिला असता," पाटणकर म्हणाले. "पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही ताजे दाणे आणले असते. त्याच एप्रिलमध्ये धातुबंधकाची खेप तीन आठवडे उशिरा आली, ही भांडारातली नोंद. ठवकरांनी तीन आठवडे भांडी नळाच्या पाण्याने धुतली, ही त्यांची. प्रत्यक्षात तुम्ही त्या दिवसांत दुसऱ्याच कामात होतात. गणकाने इतिहास लाखभर वेळा चालवला, आणि त्यातल्या एक्याण्णव हजार वेळा त्या तीन आठवड्यांत विकर चाललं. तुमच्याच हातून."

स्टुलावरून ठवकर उठून पडद्यापाशी आले. वाचता वाचता त्यांचा हात विशाखाबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर आला.

"पुढे?" विशाखाबाईंनी विचारलं. "पुढे काय केलं मी?"

"राहू द्या ना ते."

"सांगा."

"जूनमध्ये संस्थेने तुमची प्रयोगशाळा बंद केली. सत्तावन्नच्या मार्चमध्ये दोनच निबंध झाले होते, अठ्ठावन्नच्या मार्चमध्येही दोनच. दोन वर्षं कमी पडलं की बंद, असा नियम होता. शोध एप्रिलमधला, तो यंदाच्या हिशेबात धरत नाहीत असं तुम्हाला कळवलं गेलं. जाताना तुम्ही कुपी त्सेहाय यांना पाठवलीत. भुकटी त्यांनी केली. साठ सालापासून ती घरोघरी गेली."



"म्हणजे ही लॅब त्या निबंधावर टिकली," विशाखाबाई म्हणाल्या. "त्या तिसऱ्या निबंधावर. पुढचे सत्तावीस निबंध मी इथे बसून लिहू शकले, ती दहा वर्षं कुठून आली, ते आज कळलं."

त्यांनी दुरुस्तीचा मजकूर पुढे ओढला. 'चुकीचं कारण' या मथळ्याखाली धातुबंधकाचा परिच्छेद होता. तो त्यांनी राहू दिला. त्याखाली लिहिलं :

'प्रयोग पुन्हा करावा असं माझं स्वतःचं मत होतं व तशी नोंद आहे. तो केला नाही, कारण एकतीस मार्चपूर्वी वर्षाचा तिसरा निबंध देणं भाग होतं आणि माझ्याकडे दोन होते.'

माफी मागण्यासाठी सोडलेली नावाची जागा त्यांनी खोडून टाकली. तिथे त्यांनी आकडा लिहिला, नऊ हजार तीनशे. मग मजकूर नियतकालिकाकडे आणि डॉ. त्सेहाय यांच्याकडे एकदमच रवाना केला.

"डॉक्टर, तुमच्या अहवालात जे लिहायचं ते लिहा. ठवकरभाऊ, त्या जिवाणूची कुपी कोरड्या बर्फात भरा. अदिस अबाबाला जायचीय."

ठवकरांनी कुपी हातात घेतली. "आणि पवनीले, मॅडम?"

"तिथे आपण दोघं जाऊ," विशाखाबाई म्हणाल्या. "उद्याच. तुमच्या भावाला हे मला स्वतः सांगायचंय."